थेल्मा गाडी लावतेय

मुक्काम : अ‍ॅरिझोनाच्या वाटेवर
शुक्रवार, नोव्हेंबरची सात तारीख

थेल्मा ब्योर्नसन हिला (आडनाव अजून तेच आहे असं धरून),

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तुझ्याबरोबर एकाच पातेल्यात दोन डाव घातलेल्या व्हर्ना कोस्त्युकचा, मान जरा ताठ ठेवून पण मनापासून, नमस्कार. मी खुशाल आहे. तुझी खुशाली विचारणं रीतीला धरून आहे म्हणून विचारते. डावा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो बोलू लागतो आणि मग तू बोलू लागतेस, हे आता मर्विनच्या वाट्याला. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळची पांढरी आणि संध्याकाळची पिवळी, उलट नव्हे. मर्विन प्रिस्टुपा यांचीही प्रकृती उत्तम असेलच. (चाळीस वर्षं लिलावात ओरडून ज्याचा घसा बसला नाही त्याला काय होणार आहे! मागणी घालतानाही त्याने ‘एक वार, दोन वार’ म्हटलं की काय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. पण सत्तर वर्षं कुणाला हो न म्हटलेली बाई शुद्धीवर असताना तिसऱ्या वाराच्या आत हो म्हणेल, हे मला पटत नाही.)

तर प्रवासाची हकिगत. तुला ऐकायची नसली तरी गाडी कागदोपत्री अर्धी तुझी आहे, तेव्हा अर्धी हकिगत ऐकणं तुला भाग आहे. लिंडग्रोव्हहून गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी निघाले. सत्तावीस फुटांची घरगाडी, आत दोन पलंग, दोन खुर्च्या, दोन टॉवेल अडकवायला दोन खुंट्या, आणि चालवणारी मी एकटी. तुझी शेजारची सीट रिकामी दिसत होती, डोळ्याला बरं वाटेना, म्हणून तिच्यावर आपल्या परसातल्या बटाट्यांचं पोतं ठेवलं. ठेवल्याबरोबर गाडी पिंपिं करू लागली. थांबले, दारं तपासली, हातब्रेक बघितला, बॉनेट उघडून आत बघून परत लावलं (आत काय बघायचं असतं हे मला माहीत नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्यांना बरं वाटतं). अर्ध्या तासाने कळलं की गाडीला सीटवर वजन लागलं आणि पट्टा लागला नाही, म्हणून तिची तक्रार. मग पोत्याला पट्टा बांधला. गाडी गप्प झाली. पोतंही गप्प. थेल्मा, तुझ्यापेक्षा त्या पोत्याला नकाशा बरा कळत होता, कारण त्याने संपूर्ण वाटेत एकदाही ‘मला वाटतं मागचं वळण होतं’ असं म्हटलं नाही. पण दुपारी रेडिओवर गव्हाचे भाव लागले, आणि त्यावर बोलायला कुणीच नव्हतं.

बुधवारी अमेरिकेच्या सीमेवर पोचले. रांग नव्हती. खिडकीतला अधिकारी तिशीचा, कोरलेल्या मिशीचा. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले, कुठून, कुठे, किती दिवस, आणि मग, “बाई, गाडीत किती जण?” मी म्हटलं, “दोघी.” अगं, तोंडातून निघून गेलं. दोन वर्षं आपण हे वाक्य घोकत होतो ना? ‘दोघी, अ‍ॅरिझोना, मार्चअखेरपर्यंत, बंदूक नाही.’ तसंच्या तसं बाहेर पडलं. त्याने वाकून शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे पट्टा बांधलेलं पोतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “पासपोर्ट?” मी फाइल दिली. फाइलमधून निघाले दोन, कारण आपण ते एकत्र ठेवले होते आणि तू तुझा काढून घेतला नव्हतास.

गाडी बाजूला घ्यायला लावली. एक जण आत चढला आणि दुसरा माझ्यासमोर वही घेऊन उभा राहिला. आतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. तुझा गुडघ्याचा पट्टा. तुझा फ्लॅनेलचा झगा. अर्धवट विणलेला मोजा, सुया त्याच्यातच. तुझं नाव लिहिलेली गोळ्यांची बाटली. (ही तुला लागेल, पाठवते.) प्रत्येक वस्तूबरोबर वहीवाल्याचा चेहरा गंभीर होत गेला.

“ह्या थेल्माबाई कुठे आहेत?”

“घरी.”

“त्यांचा पासपोर्ट, औषधं, कपडे तुमच्याकडे, आणि त्या घरी?”

“तिला आता कशाचीच शुद्ध नाही हो,” मी म्हटलं. मला म्हणायचं होतं की ती प्रेमात पडलीय. पण मधे मला शिंक आली, आणि वाक्याचा तेवढाच भाग वहीत गेला.

“शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?”

  शेवटचं कधी पाहिलं ते मला चांगलं आठवत होतं, आणि ते त्या माणसाला सांगावंसं वाटेना. म्हणून मी तुझ्या मोज्यातली सुई सरळ करू लागले, आणि अशा ठिकाणी सुईला हात लावणं फार वाईट दिसतं.

तुझ्या घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. (मंगळवार-बुधवार तुम्ही दोघं नाच शिकायला जाता, हे मला नंतर आठवलं. त्या गुडघ्याने!) मग मी पोस्टाचा नंबर दिला, कारण गावात कोण जिवंत आहे आणि कोण नाही याची नोंद ऑड्रीइतकी कुणाकडे नसते. तिने उचलला. तिचा आवाज तुला माहीत आहे, फोनची तशी गरजच नसते. वहीवाल्याने कानापासून लांब धरला तेव्हा सगळ्या खोलीला ऐकू आलं, “थेल्मा? आत्ता इथनं गेली की मर्विनबरोबर! लग्नाच्या पत्रिका टाकायला आली होती. बावीस तारखेला ठरलंय ना! का हो, काय झालं? व्हर्नाने काही केलं का?”

बघ हं. एकतीस वर्षं गावातल्या पोरांना जेवू घातलं, आणि ऑड्रीचा पहिला प्रश्न, व्हर्नाने काही केलं का.

बावीस तारीख मला अशी कळली, अमेरिकेच्या दारात, तिघा अनोळखी माणसांसमोर. मिशीवाल्याने फाइल परत दिली आणि दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही जाऊ शकता. सावकाश जा.” फक्त बटाट्यांना बंदी होती, त्यांना माती लागलेली होती म्हणून. परक्या देशात आपली माती चालत नाही, असा नियम आहे. तो स्वतः पोतं उतरवायला आला. पट्टा सोडताना त्याने हळू सोडला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा सोडावा तसा, आणि पोतं खांद्यावर टाकून घेऊन गेला. मी गाडी सुरू केली. सीटवर वजन नाही, त्यामुळे गाडीची काही तक्रार नाही. पुढचे सव्वाशे किलोमीटर ती एकदाही वाजली नाही. एक-दोनदा मीच हात लांबवून सीट दाबून बघितली. वाजली. बरं वाटलं.

संध्याकाळी मायनॉट गावाबाहेर एका मोठ्या दुकानाच्या आवारात गाडी लावली, तिथे घरगाड्यांना राहू देतात. आणि इथे मला आपल्या कामाच्या वाटणीतली चूक कळली. आपलं ठरलं होतं, पुढचं मी, मागचं तू. मी चालवायचं, पाणी, गॅस, हीटर, संडासाची टाकी हा तुझा प्रांत. माहितीपुस्तकसुद्धा आपण मधोमध फाडून घेतलं होतं, आपापलं पाठ करायला. माझा अर्धा भाग माझ्याकडे आहे. तुझा तुझ्याकडे आहे, बहुधा उशाशी, किंवा आता मर्विनच्या टेबलाचा पाय डुगडुगतो त्याखाली. थंडी वाजू लागली तसं मी माझं शेवटचं पान काढलं, चौऱ्याऐंशी. त्यावरची शेवटची ओळ अशी आहे : ‘हीटर सुरू करण्यापूर्वी सर्वांत महत्त्वाची खबरदारी म्हणजे’. तिथे पान संपतं. थेल्मा, मी ती ओळ इतक्यांदा वाचली आहे की आता ती मला उपदेशासारखी वाटू लागली आहे. खबरदारी न घेता मी काही सुरू करणार नाही. माझ्या झग्यावर तुझा झगा, त्यावर कोट, अशी झोपते. सकाळी खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी असते. दिसायला सुंदर असते, दाखवायला कुणी नाही एवढंच.

तर इथे चार दिवस जरा विश्रांती घ्यावी असं ठरवलं. रोज संध्याकाळी आपल्या सस्कॅचवानच्या आणि मॅनिटोबाच्या गाड्या येऊन थांबतात, नवरा नळी ओढतो, बायको ‘ती नव्हे, दुसरी’ म्हणते, आणि सकाळी सगळे दक्षिणेला निघून जातात. जाताना हात करतात. मीही करते. दुकानात रोज जाऊन एक वस्तू घेते, म्हणजे आवारात राहिल्याचं त्यांना काही वाटू नये. आतापर्यंत माझ्याकडे साबणाच्या तीन वड्या, एक फुगवायची उशी आणि हिरव्या शेंगांचे डबे झाले आहेत. गल्ल्यावरची मुलगी मला नावाने हाक मारते. तिच्या वडिलांना मूतखडा आहे.

आता काल संध्याकाळचं सांगते, आणि हे तू कुणाला सांगू नकोस, ऑड्रीला तर मुळीच नाही. रस्त्यापलीकडच्या चर्चबाहेर पाटी होती, लुटफिस्कचं जेवण, सगळ्यांना आमंत्रण. तुमच्या नॉर्वेकडच्या लोकांची ती क्षाराच्या पाण्यात भिजवलेली मासळी. तू तिला देवाचं अन्न म्हणतेस आणि मी भिंतीला पत्रकं डकवायची खळ म्हणते. मी का गेले? उबेला गेले. (असं मी स्वतःला सांगितलं.) चालत गेले असते, पण पाय घसरेल म्हणून गाडीच घेऊन गेले आणि मागच्या आवारात लावली. दारात लाइल सोरम नावाचा लाल गालांचा म्हातारा नावं घेत होता. म्हणाला, “एकट्याच का?” आणि मी म्हटलं, “नाही, दोघी. थेल्मा गाडी लावतेय.”

तू म्हणशील, पुन्हा? हो, पुन्हा. सीमेवर तरी सवयीने निघालं होतं. या वेळी मी शब्द निवडून बोलले.

त्याने दोघींचं नाव लिहिलं. लांबच लांब टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, दीडशेक माणूस, सगळ्यांचे आवाज तुझ्या आईसारखे. मी शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून तुझी जागा धरली. समोर ऑर्फा ट्वेट नावाची शहाऐंशी वर्षांची बाई बसली होती, हातभर उंच, पण नजर अशी की भाजी निवडतेय. मासळीचं ताट फिरत आलं. मी माझ्या ताटात बटाटे वाढून घेतले, आणि तुझ्या ताटात मासळी घातली. भरपूर घातली, लोणी ओतलं, कडेला दोन लेफ्सेच्या पोळ्या घडी घालून ठेवल्या, तुला आवडतात तशा. ऑर्फाने ते बघितलं. 

दहा मिनिटं गेली. वीस गेली. लाइल फिरत फिरत आला. “तुमच्या मैत्रीण अजून आल्या नाहीत? कुठली गाडी लावतायत?”

“सत्तावीस फुटी.”

“अरे देवा! त्या मागच्या बर्फात? आणि तुम्ही बायकामाणसाला एकटीला सोडून आलात?” त्याने टोपी घातली. “नाव काय त्यांचं?”

“थेल्मा ब्योर्नसन.”

हे नाव मी सांगायला नको होतं. “ब्योर्नसन?” पलीकडून एक जण उठला. “म्हणजे आपल्यातल्याच की!” दुसरा उठला. कोस्त्युक बर्फात अडकली असती तर त्यांनी आधी कॉफी संपवली असती, ब्योर्नसनसाठी सहा माणसं टॉर्च घेऊन बाहेर पडली. पाद्रीबाबांनी माइकवरून सांगितलं की थेल्मा ब्योर्नसन नावाच्या भगिनी आवारात गाडी लावताना अडचणीत आहेत, कुणाकडे फावडं असेल तर न्यावं. आणखी चार गेले. मी बसून होते. मला उठायचं होतं, पण पाय टेबलाखाली होते आणि खोटं टेबलावर होतं.

पंधरा मिनिटांनी लाइल परत आला. मिशांवर बर्फ, श्वास लागलेला. “गाडी सापडली. सरळ लावलेली आहे, कुलूप आहे, इंजिन गार आहे. दारं वाजवून हाका मारल्या. आत कुणी नाही.”  मागून एक बाई म्हणाली, “पोलिसांना बोलवा, गुडघाभर बर्फ आहे, कुठे पडली असेल बिचारी.” आणि एक कोवळी पोर रडायलाच लागली, तुझ्यासाठी, जिने तुला कधी बघितलंही नाही.

मग मी उभी राहिले. दीडशे माणसांसमोर. म्हटलं, “ती पडलेली नाही. ती आलीच नाही. ती सस्कॅचवानमध्ये आहे आणि तिचं लग्न ठरलंय. गाडी मीच लावली. मला माफ करा, तुमची मासळी थंड झाली.”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. हे लोक हसतही नाहीत आणि रागवतही नाहीत, हे मी तुला नेहमी म्हणत आलेय. लाइलने टोपी काढली, बर्फ झटकला आणि म्हणाला, “सापडली म्हणायची मग,” आणि जाऊन आपल्या जागेवर बसला.

ऑर्फाने तुझ्या ताटाकडे बोट केलं. “हे कोण खाणार?”

“मी,” मी म्हटलं.

“बस खाली मग. वरून लोणी घे, गार झालंय.”

आणि मी खाल्लं, थेल्मा. सगळं. तुझ्या बाजूला बसून एकतीस नाताळ जिला बघून तोंड वाकडं केलं ती मासळी, थंडगार, थुलथुलीत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. चव अजूनही खळीसारखीच आहे, तू काहीही म्हण. ऑर्फा समोर बसून बघत होती. मग तिने सांगितलं, तिची बहीण गेल्यावर वर्षभर ती दुकानातून दोघींपुरतं दूध आणत असे आणि उरलेलं मोरीत ओतत असे. म्हणाली, “माझं ठीक होतं, माझी मेली होती. तुझी जिवंत आहे ना? मग तू इथे काय करतेस?”

मी उरलेली लेफ्सेची पोळी तोंडात घातली. 

असो. पत्र लांबलं. प्रवास एकूण छान चालला आहे, हवा कोरडी आहे, माणसं चांगली आहेत आणि माझी काळजी करण्याचं काही कारण नाही. मर्विन यांना माझा नमस्कार सांग, आणि जेवताना तुझ्याकडे मीठ सरकवू नकोस म्हणावं. रक्तदाबाचं मी वर लिहिलंच आहे.

दक्षिणेकडे तोंड करून उभी,
व्हर्ना

ता. क. : पान पंच्याऐंशी उलट टपाली पाठव. सगळं नको, खबरदारीचं पहिलं वाक्य पुरे.

आणखी ता. क. : पाकिटावरचा शिक्का तू भिंगाने बघणार, मी ओळखून आहे, तेव्हा मीच सांगते. तो मायनॉटचा आहे. चार दिवसांची विश्रांती म्हटलं ते नऊ दिवस झाले. अ‍ॅरिझोना इथून जितका दूर होता तितकाच अजून आहे. रोज सकाळी गाडी सुरू करते, फाटकापर्यंत नेते आणि परत आणून लावते. लावण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

शेवटचं ता. क. : सीमेवरच्या माणसाला जे सांगितलं नाही ते तुला सांगते, कारण तू तिथे होतीस. मी तुला शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी, तुझ्या दारासमोर. तू चपला घालून बर्फात आलीस आणि विचारलंस, माझ्या बाजूने उभं राहायला कुणी नाही गं, माझी करवली होशील का? सत्तरीची नवरी आणि एकोणसत्तरची करवली! आणि मी म्हटलं, टायरांतली हवा बघायला हवी, आणि वाकले. तू आत गेलीस तरी मी वाकलेलीच होते.

हवा ठीक होती, थेल्मा. सहाही टायरांत.

मला पुन्हा एकदा विचारून बघ.